बर्फात ठेवलेल्या कुंड्या

पाण्याने काठोकाठ भरलेली, बूच लावलेली काचेची बाटली शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली तर ती फुटते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, हे त्याचे कारण आपण वर्गात सांगतोच. आता पानफुटीचे जाडजूड पान डोळ्यांसमोर आणा. ते पान म्हणजे पाण्याने भरलेल्या लाखो सूक्ष्म बाटल्याच. शून्याखालच्या तापमानात असे पान टिकणार नाही असे आपण म्हणू, आणि पानफुटीपुरते ते खरेही आहे. परंतु पानफुटीच्याच कुलातील, म्हणजे क्रॅसुलेसी कुलातील, सेम्परव्हायव्हम नावाची वनस्पती आल्प्स पर्वतात बर्फाखाली हिवाळा काढते. तिची पानेही तशीच रसाळ असतात. शून्याखाली ३० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी तिच्या अनेक जाती सोसतात.

मग प्रश्न असा, की हीच वनस्पती कुंडीत लावली तर थंड प्रदेशातील बागकाम करणाऱ्यांना तिची काळजी का वाटते? शरद ऋतू आला की तिला हिवाळ्यासाठी ‘तयार’ का करावे लागते? पर्वतावर तिला कोण तयार करते?

या तयारीच्या मागे भौतिकशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र यांची इतकी छान सांगड आहे, की आपल्याकडे बर्फ पडत नसला तरी शिक्षकांनी ती समजून घ्यावी असे आम्हांला वाटते. उदाहरणासाठी आपण अमेरिकेतील शिकागो शहर घेऊ. आम्ही तिथे काही हिवाळे काढले आहेत. शिवाय तिथे मराठी घरेही बरीच आहेत, आणि त्यांच्या दारातील पायऱ्यांवर या कुंड्या हमखास दिसतात. जानेवारीचे तिथले सरासरी तापमान शून्याखाली असते. २० जानेवारी १९८५ रोजी तिथे पारा उणे ३३ अंशांपर्यंत उतरला होता, आणि ३० जानेवारी २०१९ रोजी उणे ३१ अंशांपर्यंत.

छपरावरची वनस्पती

सेम्परव्हायव्हम हे नाव लॅटिन आहे. त्याचा अर्थ ‘सदा जिवंत’. लिनियसने १७५३ साली हे प्रजातीनाम आपल्या ग्रंथात नोंदवले, पण युरोपातील लोकांची या वनस्पतीशी ओळख त्याहून कितीतरी जुनी. ही वनस्पती घराच्या छपरावर लावली की वीज पडत नाही, अशी समजूत होती. इ. स. ८००च्या सुमारास शार्लमेन राजाच्या जमिनींच्या व्यवस्थेसाठी काढलेल्या आदेशात माळ्याने आपल्या घरावर ‘ज्युपिटरची दाढी’ लावावी असे म्हटले आहे. ती हीच वनस्पती मानली जाते.

विजेचे सोडून देऊ. पण छप्पर ही जागा आपल्याला बरेच काही सांगते. छपरावर माती जेमतेम दोन बोटे. थंडी वरून, बाजूने, खालूनही. उन्हाला आडोसा नाही, वाऱ्याला नाही. तरीही ती तिथे शतकानुशतके टिकली. तिथे नसते फक्त एक गोष्ट, ती म्हणजे साचलेले पाणी. उतारावरून ते वाहून जाते.

दुसरे उदाहरण शिकागोच्या जवळचेच आहे. मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावर इंडियाना ड्यून्स नावाच्या वाळूच्या टेकड्या आहेत. तिथे चक्क फड्या निवडुंगाची एक बुटकी जात रानात वाढते आणि दरवर्षी बर्फाखाली जाते. थंडी शिकागोइतकीच, पण पायाखाली वाळू. पाणी आले तसे निघून जाते.

पेशीत बर्फ का होत नाही?

विद्यार्थ्यांना विचारले तर एक उत्तर लगेच येते: पेशीरसात साखर आणि क्षार असतात, त्यामुळे त्याचा गोठणांक खाली जातो. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. ते किती अपुरे आहे हे फळ्यावरच दाखवता येते. एक किलोग्रॅम पाण्यात एक मोल, म्हणजे ३४२ ग्रॅम, ऊसाची साखर विरघळवली तर गोठणांक फक्त १.८६ अंशांनी उतरतो. इतक्या गोड पाकाने दोन अंशही साधत नाहीत, मग उणे वीस कसे साधणार?

खरी युक्ती वेगळी आहे. बर्फ होतो, पण पेशीच्या आत नव्हे. पेशी-पेशींमधल्या मोकळ्या जागेत होतो. तिथले पाणी जवळजवळ शुद्ध असल्यामुळे ते आधी गोठते. एकदा तिथे बर्फाचे स्फटिक तयार झाले की ते पेशीतले पाणी बाहेर ओढू लागतात. ही ओढ तापमानाबरोबर वाढते. शून्याखाली दर अंशामागे ती साधारण १२ वातावरणे, म्हणजे उणे १० अंशांना जवळजवळ १२० वातावरणे इतक्या दाबाची असते. पाणी पेशीपटलातून बाहेर जाते, बाहेर बर्फ वाढतो, आणि पेशी आक्रसते. आत उरलेला रस इतका संहत होतो की तो गोठत नाही. म्हणजे गोठणाऱ्या वनस्पतीवर जे संकट येते ते मुळात कोरडे पडण्याचे आहे! दुष्काळ आणि कडाका ही पेशीच्या दृष्टीने भावंडे आहेत. पाण्यावाचून दिवस काढण्याची सवय असलेल्या वनस्पतींमधून काही थंडीतही तरतात, याचे आश्चर्य मग कमी होते.

हे साधायचे तर पेशीपटल लवचीक हवे, आक्रसताना ते फाटता कामा नये. त्यासाठी पटलातील मेदांची रचना बदलावी लागते, पेशीरसात साखरेसारखी संरक्षक द्रव्ये वाढवावी लागतात. हे काम एका रात्रीत होत नाही. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गारठू लागल्या, की त्या इशाऱ्यावर वनस्पती कित्येक आठवडे ही तयारी करते. या प्रक्रियेला आपण काटक होणे म्हणू. जुलैत काटक नसलेले झाड डिसेंबरात काटक असते. जुलैतल्या झाडाला अचानक उणे दहाची थंडी दिली तर ते मरेल.

इंडियाना ड्यून्सवरच्या निवडुंगाची ही तयारी नुसत्या डोळ्यांनी दिसते. शरदात त्याची फडी सुरकुततात, मऊ पडतात आणि जमिनीवर आडवी होतात. नवखा माणूस ते मेले असे समजून उपटून टाकतो. खरे तर त्याने आपले पाणी कमी केलेले असते. पार्क नोबेल या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी या आणि इतर निवडुंगांवर काम केले. थंडीत पाणी कमी होते आणि चिकट द्रव्य वाढते, असे त्यांना आढळले. सेम्परव्हायव्हमची पाने हिवाळ्यात आत वळून गुच्छ मुठीसारखा मिटतो आणि पुष्कळ जातींत तो तांबूस होतो. हा लाल रंग अँथोसायनिनचा. त्याला रोग समजून औषध फवारू नये.

मग पानफुटीला हे का जमत नाही? तिचे मूळ मादागास्करचे, जिथे तिला असा कडाका कधी भेटला नाही. कुल एकच, पण आजोळ वेगळे. कुलाचा एक गुण मात्र दोघींत समान आहे. या वनस्पती पर्णरंध्रे रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून तो वापरतात. याचा पहिला धागा आपल्याच देशात काम केलेल्या एका माणसाने पकडला होता. मद्रासेत कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या बेंजामिन हेनने पानफुटीचे पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागते, हे १८१५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पत्रात कळवले. रात्री रंध्रे उघडल्यामुळे पाणी कमी उडते. जमीन गोठली असताना मुळांना पाणी मिळत नाही, तेव्हा ही काटकसर कामी येते.

कुंडी म्हणजे जमीन नव्हे

इतकी सिद्धता असलेली वनस्पती कुंडीत का मरते, ते आता पाहू. १० सेंटिमीटर बाजूचा मातीचा एक घन घ्या. तो जमिनीत असेल तर थंड हवेला त्याचा फक्त वरचा पृष्ठभाग लागतो, १०० चौरस सेंटिमीटर. खालून तर जमीन त्याला उष्णता पुरवते. तोच घन कुंडी म्हणून विटांवर ठेवला की सहाही बाजू उघड्या, ६०० चौरस सेंटिमीटर. कुंडी ३० सेंटिमीटरची केली तर पृष्ठभाग ५४०० आणि घनफळ २७०००. लहान कुंडीत दर घन सेंटिमीटर मातीमागे ०.६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग येतो, मोठीत ०.२. म्हणून लहान कुंडी आधी गोठते. रात्री गोठते, दुपारच्या उन्हात वितळते, पुन्हा रात्री गोठते. वाईट असते ते हे वरचेवर गोठणे-वितळणे. त्यातून मुळे ही खोड-पानांपेक्षा सामान्यतः कमी काटक असतात. जमिनीत त्यांना तितकी गरजच पडत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याने देशाचे थंडीप्रमाणे पट्टे पाडले आहेत. हिवाळ्यातील सर्वांत थंड रात्रीच्या तापमानाची अनेक वर्षांची सरासरी हा त्यांचा आधार. २०२३च्या नकाशात शिकागोचा बराच भाग सहाव्या पट्ट्यात येतो, म्हणजे उणे २३ ते उणे १८ अंश. कुंडीसाठी मात्र दोन पट्टे अधिक थंड भागात टिकणारी जात निवडावी, असा बागकाम करणाऱ्यांचा ठोकताळा आहे. मघाशी सांगितलेले १९८५ आणि २०१९चे आकडे पाहिले तर तो शहाणपणाचा वाटतो. सरासरी म्हणजे तळ नव्हे, हे गणिताच्या शिक्षकांनीही इथे सांगण्यासारखे आहे.

पाणी वाचवते की मारते?

इथे नाशिककडचे शिक्षक एक रास्त शंका काढतील. निफाडच्या परिसरात पारा दोन-तीन अंशांवर आला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेला पाणी देतात, शेकोट्या पेटवतात. तिथे पाणी बाग वाचवते, मग इथे ते शत्रू कसे?

दोन्ही खरे आहे. फरक आहे तो वेळेचा. विहिरीचे पाणी हवेपेक्षा बरेच उबदार असते, आणि ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त उष्णता धरून ठेवते. शिवाय पाणी गोठायची वेळ आलीच तर दर ग्रॅममागे ८० कॅलरी अप्रकट उष्मा बाहेर पडतो. एक लिटरच्या कुंडीत ३०० ग्रॅम पाणी धरा. ते सगळे गोठताना २४,००० कॅलरी बाहेर पडतील. तीच कुंडी गोठण्याआधी एका अंशाने थंड होताना जेमतेम ५०० कॅलरी देते. म्हणजे ओली कुंडी शून्यावर बराच वेळ अडून राहते. निफाडला हाच वेळ हवा असतो, सूर्य उगवेपर्यंतचे काही तास. शिकागोत कडाका कित्येक दिवस टिकतो. चोवीस हजार कॅलरींची ही शिल्लक पहिल्याच रात्री-दोन रात्रींत संपते, आणि मग हाती राहतो तो बर्फाचा गोळा.

त्या गोळ्याचे पुढे काय होते ते महत्त्वाचे आहे. दुपारी ऊन पडले की कुंडीतला बर्फ वरून वितळू लागतो. पण तळाचे भोक अजून बर्फाने बुजलेले असते. वितळलेले पाणी वरच साचते. मातीतील हवेची जागा पाण्याने भरते, मुळांना प्राणवायू मिळत नाही, आणि बुंध्याशी कुजवणाऱ्या बुरशीला हवे तसे वातावरण मिळते. रात्री तेच पाणी पानांच्या गुच्छात आणि बुंध्याभोवती गोठते. मार्चमध्ये गुच्छ हाताने उचलला तर मुळांवाचून अलगद हातात येतो. मालक म्हणतो, थंडीने मेला. बहुतेक वेळा तो कुजून मेलेला असतो.

तयारी

ती ऑगस्टअखेर सुरू होते. खत बंद. विशेषतः नत्र मिळाले की झाड कोवळी, पाणीदार वाढ करते आणि ती काटक होत नाही. सप्टेंबरपासून पाणी कमी करत न्यावे आणि कुंडी भरपूर उन्हात ठेवावी, म्हणजे साखर साठते. गारठा वाढला म्हणून रात्री घरात आणि सकाळी बाहेर असे करू नये. गारठा हाच तर इशारा आहे.

मातीकडे आधीच पाहिलेले बरे. भरड वाळू, बारीक खडी, प्यूमिस असे खनिज पदार्थ निम्म्याहून अधिक असावेत. इथे एका समजुतीविषयी थोडे सविस्तर बोलू, कारण ती आपल्याकडेही घट्ट आहे. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा जाड थर दिला की निचरा चांगला होतो, असे मानतात. होते उलटे. बारीक मातीतले पाणी केशाकर्षणाने धरलेले असते. खालच्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजी उतरत नाही. ते थराच्या वरच अडते, आणि ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. वर्गात हे स्पंजने दाखवता येते. स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, ठिबकणे थांबू द्या. मग तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल. स्पंज तोच, पण उंची वाढली. यावरून दोन गोष्टी कळतात. भोकावर माती अडवायला एक खापरी पुरे, आणि उथळ कुंडीत मिश्रण सगळेच्या सगळे भरड हवे.

ऑक्टोबरात बुंध्याशी वाळलेली पाने काढून टाकावीत, ती ओल धरतात. सेम्परव्हायव्हमचा जो गुच्छ फुलून गेला तो तसाही मरतो, तोही काढावा. भोवतीची पिल्ले टिकतात. ही पिल्ले पाहूनच अमेरिकेत या झाडाला ‘कोंबडी आणि पिल्ले’ म्हणतात. पण जरा जपून. त्याच नावाने दुकानात एचेव्हेरियाही विकतात. ती दिसायला जुळी बहीण वाटते, पण मूळची प्रामुख्याने मेक्सिकोची, आणि कडाक्याच्या पहिल्याच रात्री तिची पाने उकडल्यासारखी होतात. तिला घरातच घ्यावे लागते. नाव नीट न पाहता सगळ्या कुंड्या एकाच न्यायाने बाहेर ठेवणे महागात पडते.

नोव्हेंबर आला की खालच्या ताटल्या काढून कुंड्या विटांवर, पागोळ्यांपासून दूर, छज्जाखाली आणि भिंतीलगत एकत्र ठेवाव्यात. एकत्र ठेवल्याने एकूण उघडा पृष्ठभाग कमी होतो. छज्जा नसेल तर कुंडी एका बाजूला कलती ठेवावी. छपराचा उतार आपण आणला, इतकेच. अंगण असेल तर लहान कुंड्या काठापर्यंत जमिनीत पुराव्यात. हा आमच्या मते सर्वांत चांगला उपाय, मात्र ती जमीन पाणी साचणारी नको. वरून पारदर्शक छप्पर घातले तर चालते, पण बाजू उघड्या हव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कुंडी गुंडाळणे म्हणजे ओल कोंडणे. लाल मातीच्या कुंड्या लवकर कोरड्या होतात ही चांगली गोष्ट, पण त्या पाणी शोषतात आणि त्या पाण्याचा बर्फ झाला की तडकतात. म्हणून त्या आडोशालाच बऱ्या.

बर्फ पडला तर झटकू नये. ताज्या बर्फात बहुतांश हवा असते, आणि हवा उष्णतेची मंदवाहक. रस्त्यावरचा, मीठ टाकलेला बर्फ मात्र कुंडीवर लोटू नये.

घरात आणून दिवाणखान्यात ठेवण्याचा मोह सर्वांना होतो. खोलीत वीस-बावीस अंश तापमान आणि खिडकीतला अपुरा उजेड. काही दिवसांतच झाड काटकपणा घालवून बसते, फिके आणि लांबट होते. आठवडे लावून मिळवलेली ही अवस्था गमवायला थोडे दिवस पुरतात. म्हणूनच फेब्रुवारीतली आठवडाभराची उघडीप आणि त्यामागून आलेला कडाका जानेवारीच्या सरळ थंडीपेक्षा घातक ठरतो, आणि म्हणूनच वसंतात पाणी देण्याची घाई करायची नसते. गुच्छ आपण होऊन उघडू लागले की थोडे पाणी द्यावे. हिवाळ्यात छज्जाखाली माती अगदीच वाळली, तर शून्याच्या वरच्या दिवशी एखादा घोट पुरे.

वर्गात करून पाहा

सारख्या आकाराचे तीन डबे घ्या. पहिल्यात कोरडी वाळू, दुसऱ्यात ओली वाळू, तिसऱ्यात तितकीच ओली वाळू भरा आणि हा तिसरा डबा थर्मोकोलमध्ये गुंडाळा. प्रत्येकात मधोमध तापमापी खोचून डबे बर्फाच्या कप्प्यात ठेवा. शाळेतील तापमापी बहुधा उणे १० अंशांपर्यंतच असते, तेव्हा त्याआधी ती काढा. दर पंधरा मिनिटांनी नोंद घेऊन आलेख काढा. कोणता आलेख शून्यावर आडवा होतो, किती वेळ? थर्मोकोलच्या डब्याचे तापमान शून्याखाली जातच नाही, की उशिरा जाते? कप्प्यात पानफुटीचे एक पानही ठेवा आणि ते बाहेर काढून वितळल्यावर ताज्या पानाशेजारी ठेवून पाहा. ते काळपट, पारदर्शक आणि लुळे का पडले, याचे उत्तर विद्यार्थ्यांना पेशीपटलाच्या आकृतीवरून शोधू द्या.